आबा उजवीकडे वळत नाही

आमच्या गावात आबाला गाडीवर बसून उजवीकडे वळलेलं कुणी बघितलेलं नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. डावं वळण आलं की आबा राजासारखा कलंडायचा, डावा पाय जमिनीला लावायचा, धुरळा उडवायचा आणि निघून जायचा. उजवं वळण आलं की गाडी थांबवायचा. इंजन बंद करायचा. खाली उतरायचा. मग टाकीवर हात ठेवून, बैलाला पाण्यावर न्यावं तशी ती सात मणाची फटफटी ढकलत वळणाच्या पलीकडे न्यायचा. तिथं पुन्हा बसायचा आणि कुणाला तरी हाक मारायचा, कारण धक्का दिल्याशिवाय ती सुरू होत नव्हती. आबाच्या घरापासून चावडीपर्यंत तीन वळणं, त्यातली दोन उजवी. आबाच्या भिंतीला भिंत लावून माझं घर, आणि ते नेमकं पहिल्या उजव्या वळणावर. म्हणजे धक्का कोण देणार ते काय सांगायला नको.

मी म्हणायचो, "आबा, चालत का जात न्हाईस? चालत गेलास तर लवकर पोचशील."

"चालत कोन बी जातं," आबा म्हणायचा. "ढकल."

आबाचं नाव रावसाहेब. कर्जत तालुक्यातलं आमचं गाव कोरडं, तसाच आबाही कोरडा. उंच, वाळका, डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी आणि धोतर. गाडीवर बसायचं झालं की डोळ्यांना वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा. त्या गाडीची धुराची दोन जाड नळकांडी डाव्या अंगानं, पार मांडीपर्यंत वर आलेली. ती तापली की धोतर जाळायची. त्यामुळे आबाच्या प्रत्येक धोतराला डाव्या मांडीवर ठिगळ. दोरीवर वाळत घातलेलं धोतर कुणाचं, हे गावातली कुठलीही बाई लांबून सांगायची.

ही गाडी आली कशी, ते आधी सांगतो.

तेव्हा आबाच्या विहिरीवरची मोटर जळाली होती आणि विजेचा काही भरवसा नव्हता. त्याला विहिरीवर बसवायला इंजन पाहिजे होतं. कुणीतरी सांगितलं, मुंबईला कस्टमवाले पकडलेला माल लिलावात काढतात, त्यात इंजनंही असतात. आबा कांद्याच्या ट्रकवर बसून मुंबईला गेला आणि चौथ्या दिवशी त्याच ट्रकवर परत आला. मागं ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं. गजराबाई वहिनी, म्हणजे आबाची बायको, हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. इंजन आलं, पूजा नको का करायला? आम्ही सहा जणांनी ते धूड खाली उतरवलं. आबानं ताडपत्री ओढली.

वहिनींनी चारी अंगांनी फिरून बघितलं. राखाडी रंग, भुईमुगाच्या शेंगेएवढीशी टाकी, मधे दोन सिलिंडर, भांडलेल्या नवरा-बायकोसारखी एकमेकांकडून तोंडं फिरवलेली. ताट हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "पानी कुठनं पडतं हिच्यातनं?"

"पडत न्हाई," आबा म्हणाला.

"मग?"

"पळती."

"विहिरीत?"

आबानं वहिनींच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच कुंकू लावलं, दिव्याच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध.

मला मात्र त्यानं खरं सांगितलं. "म्हादबा, सगळा माल बघत गेल्तो. डिझेलची इंजनं हुती की. लई हुती. पर ही कोपऱ्यात हुबी हुती, मान खाली घालून. बाजारात शेवटापातुर कुनी न घेतलेला बैल असतो न्हाई का, तशी. मी पुढं गेलो आन परत माघारी आलो. तिच्यात बी इंजन हायच की."

विहिरीला इंजन त्यानंतर दोन वर्षांनी आलं. तोवर त्याची मेथी माझ्या पाण्यावर जगली.

आता उजव्या-डाव्याचं. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, चित्रांचं. ते घेऊन आबा हायस्कूलच्या कांबळे सरांकडे गेला. मी बरोबर होतो. सरांनी चष्मा लावला, पानं चाळली आणि सांगितलं, "आबा, ही गाडी फार थोडी तयार झालेली दिसते. तिकडे अमेरिकेत मातीच्या गोल रिंगणात मोटरसायकलींच्या शर्यती होतात. त्या शर्यतीच्या गाडीवरून हिचा घाट घेतलाय. रिंगणात सगळे एकाच दिशेनं पळतात. कायम डावीकडे वळतात."

"डावीकडं," आबा म्हणाला आणि उठला.

सर पुढं वाचत होते. "पण ही गाडी साध्या रस्त्यासाठीच केलेली आहे, त्यामुळे तुम्ही..." असं काहीतरी. आबा तोवर शाळेच्या फाटकाबाहेर गेला होता. आबाचं हे असं आहे. पहिलं वाक्य तो ऐकतो. दुसरं वाक्य त्याच्या पाठीला ऐकू येतं.

मी त्याला नंतर शंभरदा सांगितलं, सर पुढं काय म्हणाले ते. आबा म्हणायचा, "शर्यतीचा बैल कदी नांगराला जुंपलेला बघितलास? त्याची चाल बिघडती. हिची नस डावी हाय. उजवीकडं मुरगाळली की गेली."

लायसन काढायला गेला तेव्हा साहेबांनी इंग्रजी आठाच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवायला सांगितली. आबानं डावीकडून एक गोल घेतला. मग गाडी चार हात पुढं ढकलत नेली आणि तिथं डावीकडून दुसरा गोल घेतला. साहेब म्हणाले, "काका, हे दोन शून्य झाले."

आबा म्हणाला, "एकावर एक ठिवा की."

तीनदा परत पाठवला. चौथ्या वेळी भाच्याची मोपेड घेऊन गेला आणि तिच्यावर आठ काढून आला. मोपेडवर तो उजवीकडे झकास वळायचा. मोपेड म्हणजे आबाच्या हिशेबात शेळी.

गाडी शर्यतीची, म्हणून ती कामाला लावायची नाही, हा आबाचा कायदा. तिच्यावर दूध नाही, पेंड नाही, पाहुणा नाही. काट्यावर मैल दिसायचे, आणि बारा वर्षांत तो काटा सातशेच्या आतच होता. त्यातले दोनशे तर तिकडनंच आलेले. एकदा सरपंच दामूअण्णांनी पोराच्या लग्नात नवरदेवाला मिरवायला गाडी मागितली. आबा म्हणाला, "नवरदेव घोड्यावर बसवा. ही शर्यतीची हाय." दामूअण्णा चार महिने बोलले नाहीत. आबाला ते कळलंच नाही, कारण ते बोलत होते तेव्हाही तो ऐकत नव्हता.

बैलपोळ्याला मात्र गाडीचा थाट बघावा. पहाटे धुणार, शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवणार, हँडलला गोंडे, टाकीवर आरशांची झूल, दिव्याला बाशिंग. मग पुरणपोळीचा घास दिव्यापुढं धरायचा. वहिनी ओटीवरनं म्हणायच्या, "भावजी, तुमीच खावा तो. ती काय खात न्हाई, आन ह्यांला पचत न्हाई."

त्या पुस्तकातल्या चित्रात सगळ्या गोऱ्या गड्यांच्या डाव्या पायात लोखंडी तळ होता. रिंगणात वळताना तो पाय मातीवर घासत न्यायचा असतो म्हणे. आबानं चित्र नीट बघितलं आणि कर्जतच्या बाजारात बैलांना पत्री मारणाऱ्याकडे गेला. बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पत्री. पत्रीवाल्यानं विचारलं, "बैल कुठाय?"

आबानं डाव्या पायातली चप्पल काढून पुढं ठेवली.

तेव्हापासून आबा गल्लीतनं चालला की एक पाय फट् वाजायचा आणि एक पाय टण्. कुत्री भुंकायची बंद झाली. त्यांना वाटायचं जनावरच आहे.

असा हा माणूस. आता मधलं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडी येऊन बारा वर्षं झाली, त्या सालच्या माघात माझी बायको हौसा गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. माणसं आली, रडली, पिठलं-भाकरी आणून दिली, देव भल्यासाठीच करतो म्हणाली. हे म्हणणाऱ्याच्या तोंडात मारावं असं मला वाटायचं. आबा तिसऱ्या दिवशी आला. माझ्यासमोर बसला. बराच वेळ टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "म्हादबा, हिचं खालचं नळकांडं जरा ढिलं झालंय."

मी त्याला शिवी दिली. चांगली मोठी दिली. ती त्यानं ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर भिंतीला टेकून बसलो होतो, तर वळणावर गाडी आडवी. "म्हादबा, ढकल." तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याला चावडीवर काही काम नसायचं. जायचा, वडाला वळसा घालायचा, डावाच, आणि परत यायचा. मी शिव्या देत उठायचो, ढकलायचो आणि परत येऊन बसायचो. त्यापलीकडे मी कुठं जात नव्हतो.

चैत्रात भैरोबाची जत्रा. भैरोबाचं देऊळ आमच्या तळ्याच्या पोटात, मधोमध. तळं म्हणायचं, पण पाणी कधी टिकलं नाही. सगळी मऊ, चाळलेल्या पिठासारखी माती. पुढल्या वर्षी मात्र त्यात कॅनॉलचं पाणी येणार होतं. देव वरच्या अंगाला नव्या देवळात जाणार होता. म्हणजे त्या मातीतली ही शेवटची जत्रा. आणि नेमकी त्याच साली बैलांना लाळ-खुरकूत आली. शर्यत रद्द. शर्यतीशिवाय जत्रा म्हणजे मिठाशिवाय कालवण. दामूअण्णांनी चावडीवर बैठक घेतली आणि म्हणाले, "बैल न्हाई तर न्हाई. पोरांच्या फटफट्या पळवू. देवळाभवती रिंगन आखू. पाच फेऱ्या. पयला येईल त्याला पितळी हंडा."

मातीचं रिंगण. गोल. मी त्या बैठकीला नव्हतो, पण आबा तिथनं धावत आला, तेव्हा टण् टण् टण् एवढंच ऐकू येत होतं. दारात उभा राहिला. तोंड उघडं, डोळ्यात पाणी. मला वाटलं, वहिनींना काही झालं.

"रिंगन," तो म्हणाला. "म्हादबा, आपल्या गावात रिंगन."

दोन दिवस आबा जमिनीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी सोपान गुरवानं खोडा घातला. तो म्हणाला, देवाभोवती फिरायचं तर प्रदक्षिणेसारखं फिरायचं, देव उजव्या हाताला ठेवून. म्हणजे प्रत्येक वळण उजवं. देवाला डावी घातलेली चालणार नाही. बाकीच्या पाच पोरांना काय, कुठूनही फिरवा. आबा म्हणाला, "मग आमचं जमायचं न्हाई." दामूअण्णांना लग्नातला घोडा अजून आठवत होता. ते म्हणाले, "राहू द्या मग. कुनाचं अडलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर कुणी आलं नाही. मी पायरीवर बसून राहिलो. उन्हं वर आली. शेवटी उठलो आणि आबाच्या घरी गेलो. माघापासून स्वतःच्या पायानं कुणाच्या घरी गेलो तो हा पहिला दिवस.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "कालधरनं भाकरीला हात लावला न्हाई, भावजी. इतकी वर्सं मीच बोलती त्या गाडीला. पर आता बघवंना."

आबा गोठ्यात गाडीशेजारी पोत्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "बारा वर्सं राखली, म्हादबा. एका दिसासाठी राखली. मी काय येडा न्हाई. मला ठाव हाय, हितं कुठलं आलंय रिंगन. तरी राखली. आन आलं तर उलटं आलं. पुढल्या साली तितं पानी."

मी म्हणालो, "मग उजवीकडनं पळव की एक डाव."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच देवाला डावी घातली.

मी तिथनं थेट दामूअण्णांकडे गेलो. माझं तोंड वाईट आहे. मी म्हणालो, "दामू, घोड्याचा राग देवाच्या आडून काढतुयास व्हय?" तो म्हणाला, मी कोण ठरवणार, गुरवाला विचार. गुरव म्हणाला, मी कोण ठरवणार, देवाला विचारा. मी म्हणालो, "विचारू की. कौल लाव."

कौल म्हणजे देवाला विचारायची रीत. गुरव देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाची हो, डावी पडली तर नाही. कधी कधी दोन दोन तास पडत नाही. सगळी माणसं हात जोडून बसून राहतात.

संध्याकाळी अर्धा गाव देवळात. मी आबाला म्हणालो होतो, गाडी घरी ठेव, एकटा ये. पण त्यानं दोन पैलवानांकडून धक्का मारून घेतला होता आणि डावी डावी वळणं शोधत, तळ्याला पार वळसा घालून, गाडी देवळाच्या पायरीपर्यंत आणली होती. इंजन चालूच. बाहेर सगळी जमीन धडधडतेय.

गुरव आतून ओरडला, "आबा, बंद करा ती!"

"बंद केली तर परत ढकलनार कोन? तू?"

मग गुरवानं तसाच प्रश्न घातला. "देवा भैरोबा, फटफट्या डावीकडनं फिरवायच्या का?" बाहेर धडधड. दिव्यांच्या ज्योती हलत होत्या. घंटेचा लोळा आपोआप किणकिणत होता. एक मिनिट झालं नसेल, आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. त्यांच्या मागोमाग आढ्यावरची पाल पडली, ती दामूअण्णांच्या टोपीवर.

गुरवाचा चेहरा पांढरा. "दोन्ही दिली देवानं. आजपातुर असं झालं न्हाई."

"म्हंजी काय समजायचं?" दामूअण्णा टोपी झटकत म्हणाले.

कांबळे सर बौद्ध, ते देवळात यायचे नाहीत. पण काय होतंय ते बघायला बाहेर पारावर बसलेले. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा थरथरणाऱ्या उंबऱ्याकडे बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. रुमालाआडूनच म्हणाले, "म्हणजे देव म्हणतोय, मला मधे घेऊ नका, तुमचं तुम्ही ठरवा."

हे सगळ्यांना पटलं. पालखी उजवीकडनं, फटफट्या डावीकडनं असं ठरलं. आबानं देवाला नमस्कार घातला आणि मला म्हणाला, "तेल बघायचंय. चल."

जत्रेच्या दिवशी तळ्याच्या काठानं माणूस मावत नव्हतं. आजूबाजूच्या सात गावांची माणसं. झाडावर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, एसटीडीचा बूथवाला बूथला कुलूप लावून आलेला. रेषेवर सहा गाड्या. पाच पोरं, मिशा न फुटलेली, आणि मधे आबा. ठिगळाचं धोतर, काळा चष्मा, डाव्या पायात पत्री. पोरं हसत होती. बबन दूधवाला म्हणाला, "आबा, वळन आलं की उतरनार का?"

"तू उतरशील," आबा म्हणाला.

दामूअण्णांनी उपरणं पाडलं. पाच गाड्या गेल्या. आबाची हललीच नाही. मी आणि दोन पैलवान मागनं लावलेलो, पण मऊ मातीत चाक रुततंय. "ढकल, म्हादबा!" आबा ओरडतोय. दहा पावलं. वीस पावलं. माझा पटका सुटून पायात आला, मी तो तुडवला. पोरं पहिल्या वळणाच्या पलीकडे गेली. मला वाटलं आता छाती फुटणार, आणि फुटू दे, पण ही सुरू होऊ दे. आणि झाली. असा आवाज झाला की माझ्या पोटात ढोल वाजला. गाडी हातातनं निसटली आणि मी तोंडावर पडलो.

तोंडात माती, चप्पल कुठं, पटका कुठं, आणि मी हसत होतो. पैलवान मला उठवायला आला तर त्याला म्हणालो, "मला सोड, तिकडं बघ!"

आबा वळणावर आला होता. बाकीची पोरं वळणावर ब्रेक दाबत होती, घाबरून सरळ होत होती. आबानं गाडी आडवी पाडली. म्हणजे आम्हाला वाटलं पडली. गाडीचं तोंड एकीकडं, जातेय दुसरीकडं. डावा पाय मातीवर, पत्री घासत चाललेली, मागच्या चाकातनं मातीचा पडदाच्या पडदा उठून काठावरच्या माणसांवर. बासष्ट वर्षांचा म्हातारा, बारा वर्षं चावडीच्या वडाला वळसे घालत होता, ते यासाठी. माणसं ओरडायची विसरली. मग एकदम सगळी ओरडली.

दुसऱ्या फेरीत दोघांना गाठलं. तिसऱ्या फेरीत बबन वळणावर घसरला, गाडी एकीकडं, बबन एकीकडं. तो उठला, कपडे झटकले आणि तिथंच उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. चौथ्या फेरीत आबाच्या पुढं कुणी नव्हतं. पाचवी फेरी झाली. दामूअण्णांनी उपरणं फिरवलं.

आबा थांबला नाही.

सहावी गेली. सातवी गेली. पोरं आपापल्या गाड्या घेऊन बाजूला झाली. दामूअण्णा ओरडले, "अरं थांबवा त्याला!" मी म्हणालो, "जा की पुढं तू, थांबव." दहावी. पंधरावी. बाजावाले आधी गप्प होते, मग त्यांनी त्याच तालावर वाजवायला घेतलं. बाया उभ्या राहिल्या. सोपान गुरव देवळाच्या दारात आला आणि आबा आला की त्याच्याबरोबर मान फिरवत राहिला. कांबळे सर मोजत होते, एकतीस फेऱ्या मोजल्या त्यांनी. मग पेट्रोल संपलं. आवाज एकदम तुटला आणि गाडी आपली आपण हळूहळू येऊन थांबली.

आबा तसाच बसून होता. चष्मा काढला. सगळं तोंड मातीचं आणि डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल. मी जवळ गेलो. त्यानं टाकीवर हात ठेवला होता.

"पळाली," तो म्हणाला. बस, एवढंच.

हंडा घ्यायला वहिनी पुढं आल्या. डोक्यावर पदर घेऊन, दामूअण्णांच्या हातातनं हंडा घेतला, आत वाकून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बारा वर्सांनी इंजनानं हंडा तरी दिला. पानी माझं मी भरते." इतकं हसणं मी त्या तळ्यात कधी ऐकलं नव्हतं. वहिनी हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या आणि मातीनं खुपतंय म्हणत होत्या.

गाडी ढकलत घरी आणली. या खेपेला वळणं कुठली ते कुणी बघितलं नाही, सगळा गावच ढकलत होता. दिवस मावळायला आला होता. मी माझ्या दारात आलो, पाय धुतले, कानातली माती काढली आणि उंबऱ्यातनंच आत तोंड करून म्हणालो, "अगं, ऐकलं का, आज आबानं..."

आत काळोख होता. चूल थंड.

चाळीस वर्षांची सवय. मी बाहेरनं आलो की हौसा भाकरी थापता थापता विचारायची, कोण आलं, काय नेसलं, मी सांगायचो. बाजारातलं, बांधावरचं, कुणाचं भांडण, कुणाचं लग्न. सांगून झाल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आज एवढं मोठं घडलं, तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी पायरीवर येऊन बसलो.

थोड्या वेळानं आबा आला. अनवाणी, अंघोळ केलेला, टोपी नाही. त्या दिवशी त्याच्या घरी माणसं दाटलेली, वहिनी चहा करून दमलेल्या, सगळ्यांना आबा पाहिजे होता. तो माझ्या पायरीवर येऊन बसला. मला वाटलं, आता हा मला प्रत्येक फेरीचं पुराण ऐकवणार.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू? तूच तर हुतास."

"मला मातीत काय बी दिसलं न्हाई. पयल्यापासनं सांग."

मी उगाच सुरू केलं. धक्का, पटका, तोंडावर पडलो ते. म्हटलं, दुसऱ्या वाक्याला उठेल. उठला नाही. बबन घसरला ते सांगितलं. गुरव मान फिरवत होता ते सांगितलं. आबा गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. मधेच विचारायचा. "दामूच्या घरनं कोन कोन आल्तं? व्याही आल्ते का?" मग म्हणाला, "बायांत भांडनं न्हाई झाली?" झालं होतं एक, सतरंजीवरनं, तेही सांगितलं. आबाला आयुष्यात कधी व्याह्यांशी आणि बायांच्या भांडणांशी देणंघेणं नव्हतं. हे विचारायचं असतं हे त्याला भिंतीपलीकडं कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

माझा आवाज कधी मोठा झाला मला कळलं नाही. मी हात करून दाखवत होतो, हसत होतो, मधेच डोळे पुसत होतो आणि पुन्हा सांगत होतो.

"थांब," आबा म्हणाला. "दामूची धाकली सून म्हनलास. तिनं लुगडं कंचं नेसलं हुतं?"

मला आठवेना. म्हणालो, "हिरवं असंल."

"असंल न्हाई. नीट आठव," आबा म्हणाला, आणि पायरीवर मांडी घालून बसला.